दुचाकीची ब्रेक लाईन आणि वाहन तपासणीचे नियम : सिंधुदुर्ग किनाऱ्याच्या संदर्भात एक आढावा

हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच्या दुचाकीत हँडलवरचा मास्टर सिलिंडर आणि चाकाजवळचा कॅलिपर यांना जोडणारी लवचीक नळी म्हणजे ब्रेक लाईन. गॅरेजात तिला डिस्कचा पाईप किंवा ब्रेक होज म्हणतात. लिव्हर दाबला की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ब्रेक ऑइल पुढे ढकलतो, तो दाब नळीतून कॅलिपरपर्यंत जातो आणि दोन्ही बाजूंचे पॅड डिस्कला आवळतात. या व्यवस्थेत सर्वांत कमी पाहिला जाणारा भाग नळी हाच. पॅड संपत आले की आवाज करतात, डिस्कवर चरे उठतात, टायरची नक्षी गेली की डोळ्यांना दिसते. नळी मात्र बरीचशी आतून जुनी होते आणि दगा देईपर्यंत आपले काम बऱ्यापैकी करत राहते.

या नळीभोवती तीन प्रश्न आहेत. ती किती काळ टिकते? कंपनीची मूळ नळी काढून बाजारातली स्टीलच्या जाळीची नळी लावणे फायद्याचे आणि कायदेशीर आहे का? आणि रस्त्यावर धावणाऱ्या गाडीची नळी धड आहे हे कोणती सरकारी तपासणी पाहते? १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात हे प्रश्न अधिक टोकदार होतात. जिल्ह्याला सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा आहे, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि घाटावर जायचे तर आंबोली, फोंडा, करूळ किंवा भुईबावडा यांपैकी एखादा घाट चढावा-उतरावा लागतो. खारी हवा, पाणी आणि लांब उतार हे तिन्ही इथे एकाच गाडीच्या वाट्याला येतात. नियमांचा सगळा जोर मात्र गाडी कारखान्यातून बाहेर पडेपर्यंतच्या टप्प्यावर आहे. त्यानंतरची पंधरा वर्षे खासगी दुचाकीच्या ब्रेकची जबाबदारी जवळपास पूर्णपणे मालकावर आणि त्याच्या मेकॅनिकवर राहते.

नळीची रचना आणि आयुष्य

भारतात मोटारसायकलला पुढचा डिस्क ब्रेक सर्वसामान्य झाला तो १९९९ मधली हिरो होंडा सीबीझेड आणि २००१ मधली बजाज पल्सर यांच्या काळात. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना वायर किंवा रॉडने चालणारा ड्रम ब्रेक असे आणि तो आजही लाखो स्कूटर व साध्या मोटारसायकलींच्या मागच्या चाकाला आहे. डिस्क आली तशी नळीही आली.

कंपनीची नळी साधारणपणे रबराची असते. आतला थर ईपीडीएम जातीच्या कृत्रिम रबराचा, त्यावर मजबूत धाग्यांची वीण, आणि बाहेरून पुन्हा रबर. आतले छिद्र जेमतेम तीन मिलिमीटरच्या आसपास असते. दोन्ही टोकांना धातूची कडी पिळून बसवलेली असते. पोकळ बॅन्जो बोल्ट त्या कडीतून जातो आणि दोन बाजूंना तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर बसतात. हे वॉशर दाबून चपटे होतात तेव्हाच सांधा तेलबंद होतो, म्हणून ते दर वेळी नवे घालायचे असतात.

रबर तीन प्रकारे थकते. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी बाहेरचा थर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडतात. हँडल वळवताना आणि शॉकॲब्सॉर्बर दबताना नळी रोज शेकडो वेळा वाकते, त्यामुळे ठरावीक वळणावर ती कमकुवत होते. तिसरा प्रकार दिसत नाही. रबरातून हवेतली आर्द्रता अत्यंत सावकाश आत झिरपते आणि ब्रेक ऑइल ती शोषून घेते. ग्लायकॉलवर आधारलेल्या तेलाचा हा स्वभावच आहे. डॉट ४ दर्जाच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० आहेत. आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला तर कॅलिपर तापतो, पाणी मुरलेल्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जात असल्यामुळे लिव्हर मुठीपर्यंत येतो, पण चाक थांबत नाही.

म्हणूनच यामाहासारख्या कंपन्यांच्या मालकपुस्तिका दोन वर्षांनी ब्रेक ऑइल आणि चार वर्षांनी नळी बदलायला सांगतात. ही मुदत किलोमीटरवर नसून काळावर आहे, आणि सिंधुदुर्गात हा फरक महत्त्वाचा ठरतो. मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्याची गावच्या घरी ठेवलेली मोटारसायकल गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात चालते. उरलेले दिवस ती पडवीत उभी असते. दहा वर्षांत तिचा काटा फार पुढे सरकलेला नसतो आणि त्यामुळे गाडी ‘नवीनच’ मानली जाते. प्रत्यक्षात तिची नळी आणि तेल दहा वर्षांचे झालेले असते, उभ्या गाडीच्या कॅलिपरमधला पिस्टन अडकायला लागलेला असतो आणि कधी उंदरांनी रबर कुरतडलेले असते.

स्टीलच्या जाळीची नळी

बाजारात मूळ नळीऐवजी मिळणाऱ्या नळीत आत पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतो त्या जातीचा पदार्थ, बाहेर स्टेनलेस स्टीलच्या तारांची घट्ट वीण आणि त्यावर बहुधा पारदर्शक किंवा रंगीत प्लॅस्टिकचे आवरण असते. काही स्पोर्ट्स गाड्यांना ही नळी कारखान्यातूनच येते. इतर गाड्यांचे मालक ती नंतर बसवतात.

तिचा खरा फायदा फुगण्यात आहे, किंवा न फुगण्यात. रबराची नळी दाबाखाली किंचित फुगते आणि लिव्हरच्या हालचालीचा थोडा भाग त्या फुगण्यात खर्च होतो. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०६ या मानकात याची मोजणी आहे. एक अष्टमांश इंच किंवा त्याहून लहान छिद्राच्या नळीला १,००० पीएसआय दाबाखाली दर फूट लांबीमागे फुगण्याची मर्यादा नेहमीच्या नळीसाठी ०.६६ घन सेंटिमीटर आणि कमी फुगणाऱ्या नळीसाठी ०.३३ घन सेंटिमीटर आहे. १,५०० पीएसआयला हेच आकडे ०.७९ आणि ०.४२ होतात. नळीवर छापलेली एचआर आणि एचएल ही अक्षरे या दोन प्रकारांची खूण. फुगणे निम्म्यावर आले की लिव्हर कडक लागतो आणि बोटांना चाकाचा अंदाज चांगला येतो. पीटीएफईमधून आर्द्रताही रबराच्या मानाने कमी झिरपते.

जाहिरातीत सांगितला जाणारा दुसरा फायदा, म्हणजे गाडी कमी अंतरात थांबते, हा मात्र जपून घ्यावा लागतो. गाडी किती अंतरात थांबेल याची शेवटची मर्यादा टायर आणि रस्ता यांच्या पकडीत आहे. चांगल्या स्थितीतल्या रबरी नळीतूनही ती मर्यादा गाठण्याइतका दाब पोहोचतो. लिव्हर स्पंजसारखा लागत होता आणि नळी बदलल्यावर सुधारला, अशा बहुतेक अनुभवांमागे नव्या तेलाचा आणि लाईनमधली एअर नीट काढण्याचा वाटा मोठा असतो. दहा वर्षांच्या रबरी नळीची तुलना नव्या स्टीलच्या नळीशी करणे न्यायाचे नाही. नव्या रबरी नळीनेही तोच लिव्हर सुधारला असता.

तोटेही आहेत. स्टीलची जाळी ज्याला घासते त्याला कानस लावल्यासारखी कापते: रंग, प्लॅस्टिक, एबीएसच्या (जोराच्या ब्रेकमध्ये चाक जाम होऊ न देणाऱ्या व्यवस्थेच्या) सेन्सरची वायर. पीटीएफई एकदा तीव्र कोनात मुडपले की ती घडी सुटत नाही. नळी चुकीच्या लांबीची असेल तर हँडल पूर्ण वळल्यावर ताणते किंवा चाकाकडे लोंबते. जाळीमुळे आतला थर डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे रबरावर दिसणारी भेगांची पूर्वसूचना इथे मिळत नाही. एबीएस असलेल्या गाडीत मास्टर सिलिंडरपासून मॉड्युलेटरपर्यंत एक आणि तिथून कॅलिपरपर्यंत दुसरी अशा एबीएसखालच्या प्रत्येक चाकाला किमान दोन लाईन असतात. एकच लांब नळी टाकून मॉड्युलेटर वगळण्याचा ‘जुगाड’ म्हणजे एबीएस बंद करणे होय. काही मॉडेलांत मॉड्युलेटरमधली हवा काढायला कंपनीचे निदानयंत्र लागते आणि ते प्रत्येक गॅरेजात नसते.

खारी हवा आणि नळीची टोके

किनाऱ्यावर नळीचा नाजूक भाग रबर नसून टोकाची धातूची कडी असते. हवेने धातू किती वेगाने गंजतो याचे वर्गीकरण करणाऱ्या आयएसओ ९२२३ मानकात सी१ ते सी५ अशा पायऱ्या आहेत आणि त्यांच्याही वर सीएक्स हा टोकाचा वर्ग आहे. उष्ण, दमट आणि खाऱ्या किनाऱ्यांचा विचार या वरच्या वर्गांमध्ये केलेला आहे. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर, तारकर्ली-देवबागच्या वाळूच्या पट्ट्यावर किंवा बंदर जेटीजवळ रोज उभ्या राहणाऱ्या गाडीच्या धातूवर मिठाचा थर बसतो. पावसाळ्यात तो धुतला जातो. खरा त्रास पाऊस संपल्यावर सुरू होतो: मीठ बसते, रात्रीच्या दमटपणात ओले होते, दुपारी सुकते आणि हे चक्र महिनोन् महिने चालते.

कॅलिपरजवळचा बॅन्जो सांधा जवळून पाहिला तर गंजाचे टप्पे ओळखता येतात. कडीवरच्या जस्ताच्या मुलाम्यावर आधी पांढरी भुकटी दिसते. जस्त अजून स्वतः झिजून आतल्या पोलादाला वाचवत असल्याची ती खूण. नंतर तांबूस ठिपके येतात, म्हणजे मुलामा संपून पोलाद उघडे पडलेले असते. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा कॅलिपर यांच्यामध्ये खारे पाणी राहिले की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि बोल्ट जाम बसतो. असा बोल्ट जोराने सोडवताना कॅलिपरचे आटे निघतात, आणि नळी बदलायला आलेल्या गाडीला नवा कॅलिपर घ्यावा लागतो.

स्टेनलेस स्टील गंजत नाही हा समजही किनाऱ्यावर अर्धाच खरा ठरतो. नेहमीच्या ३०४ दर्जाच्या स्टेनलेसवर क्लोराइडमुळे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात; ३१६ दर्जात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते अधिक तग धरते. प्लॅस्टिकच्या आवरणाला चीर पडून खारे पाणी आत शिरले की जाळी त्या ओलाव्यात सतत राहते आणि बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या नळीच्या तारा आत तुटू लागतात. म्हणून किनाऱ्यावर नळी निवडताना जाळीइतकेच महत्त्व टोकाच्या फिटिंगच्या धातूला आणि आवरण अखंड असण्याला आहे. ज्या गाडीवरून बर्फातली मासळी नेली जाते तिच्या मागच्या चाकावर खारे पाणी ठिबकत राहते. तिथे ड्रम असेल तर ब्रेकची वायर आणि कॅम गंजून अडखळतात, डिस्क असेल तर मागची नळी आणि कॅलिपर. अशा गाडीला दररोज गोड्या पाण्याने धुणे हा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे.

कारखान्याच्या फाटकापर्यंतचे नियम

नवी दुचाकी विकण्याआधी तिच्या नमुन्याला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही अशा संस्थांपैकी एक. ब्रेकविषयीचा मुख्य नियम ९६ वा आहे. दुचाकीच्या ब्रेकच्या कामगिरीसाठी आयएस १४६६४, हायड्रॉलिक ब्रेक होजसाठी आयएस ७०७९ आणि ब्रेक ऑइलसाठी आयएस ८६५४ ही भारतीय मानके आहेत. १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलांना आणि १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या दुचाकींना १२५ सीसीवर एबीएस, तर १२५ सीसीपर्यंत किमान सीबीएस, म्हणजे दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी व्यवस्था, सक्तीची झाली.

नळीची चाचणी किती कठोर असू शकते हे अमेरिकी मानकावरून कळते. नळी ४,००० पीएसआय दाब दोन मिनिटे सहन करते का ते पाहून पुढे फुटेपर्यंत दाब वाढवला जातो. वेगळ्या यंत्रावर ती सलग ३५ तास वाकवत ठेवली जाते आणि ती फुटता कामा नये. टोकाच्या फिटिंगवर २४ तास मिठाच्या पाण्याचा फवारा मारून मूळ धातू गंजतो का ते पाहतात. ३५ तासांच्या चाचणीत स्टीलच्या जाळीच्या नळ्या टोकापाशी तुटत, कारण कडक जाळी कडीतून बाहेर येते तिथेच सगळा वाक एकवटतो. म्हणून अनेक उत्पादकांनी त्या ठिकाणी आधाराची लवचीक कॉलर बसवली. चांगल्या नळीच्या दोन्ही टोकांना दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाहीचे कारण हेच. दुकानात नळी हातात घेतली की ही बाही, उत्पादकाचे नाव, मानकाचा उल्लेख आणि उत्पादनाचा महिना-वर्ष या चार गोष्टी पाहण्यासारख्या असतात. यांपैकी काहीच नसलेली ‘लोकल’ नळी कितीही चकाकत असली तरी तिची कोणती चाचणी झाली हे सांगता येत नाही.

बदल करण्याविषयीचा कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या के. जयचंद्र प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन ठामपणे मांडले. याच कलमाच्या स्पष्टीकरणात बदल म्हणजे वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतला बदल, असे म्हटले आहे. नोंदणी पुस्तकात ब्रेक लाईनचा रकाना नसतो आणि चार वर्षांनी नळी बदलणे हे देखभालीचे काम आहे. त्यामुळे त्याच लांबीची, त्याच जोडणीची, मानकात बसणारी नळी लावणे आणि एबीएस काढून टाकणे किंवा ड्रमच्या जागी डिस्क बसवणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. पहिली बदली आहे. दुसरीने मान्यता मिळालेली ब्रेक व्यवस्थाच बदलते.

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीतले कलम १८२अ दंड स्पष्ट करते. परवानगी नसलेले भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णायक म्हणून अधिसूचित केलेला भाग नियमांत न बसणारा विकला, तर विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड आहे. प्रत्यक्षात रस्त्यावर कारवाई होते ती फटाके वाजवणाऱ्या सायलेन्सरवर. महाराष्ट्रात जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या नेहमीच्या आहेत. सायलेन्सर ऐकू येतो आणि नंबरप्लेट दिसते, म्हणून ती पकडली जातात. निकृष्ट नळी ऐकू येत नाही आणि दिसली तरी ओळखू येत नाही.

रस्त्यावरच्या गाडीची तपासणी

सिंधुदुर्गच्या गाड्या एमएच-०७ या क्रमांकाने धावतात आणि त्यांची नोंदणी ओरोस येथील उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात होते. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. या काळात तिला नियमितपणे लागणारे प्रमाणपत्र फक्त पीयूसीचे: नोंदणीला वर्ष झाल्यावर पहिले, मग बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना दर बारा महिन्यांनी, त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी. पीयूसी धूर मोजते. ब्रेकशी तिचा संबंध नाही.

पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नमुना २५ मध्ये अर्ज करून नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते आणि तेव्हा मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहतात. १ एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलच्या नूतनीकरणाचे शुल्क ३०० वरून १,००० रुपये झाले आणि मुदत उलटल्यास दर महिन्याला ३०० रुपये जादा भरावे लागतात. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारसायकलचे शुल्क २,००० रुपये केले. जुन्या गाड्या रस्त्यावरून कमी व्हाव्यात हा या वाढीमागचा विचार आहे. चार वर्षे आयुष्याची नळी मात्र सरकारी नजरेसमोर पहिल्यांदा येते ती पंधराव्या वर्षी, म्हणजे पुस्तिकेप्रमाणे तीन वेळा बदलून झाल्यानंतर, किंवा एकदाही न बदलता.

व्यावसायिक वाहनांचे तसे नाही. कलम ५६ प्रमाणे त्यांना फिटनेस प्रमाणपत्र लागते: आठ वर्षांपर्यंतच्या वाहनाला दोन-दोन वर्षांचे, त्यानंतर दरवर्षी. या तपासणीचा दर्जा हा महाराष्ट्रात न्यायालयापर्यंत गेलेला विषय आहे. ब्रेकची चाचणी गाडी पळवून करायची तर तेवढी जागा हवी, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर परिवहन कार्यालयांना २५० मीटर लांबीचे चाचणी मार्ग करावे लागले. सप्टेंबर २०२१ च्या केंद्रीय नियमांनी स्वयंचलित चाचणी केंद्रांची व्यवस्था आणली, जिथे चाक रोलरवर फिरवून ब्रेकचा जोर यंत्राने मोजला जातो. यंत्राच्या मोजणीत माणसाची मर्जी चालत नाही, हा मोठा फायदा. पण रोलर त्या दिवशीचा जोर सांगतो. नळी आणखी सहा महिने टिकेल का, हे सांगायला तिच्याकडे बघणारे डोळे लागतात.

भाड्याच्या दुचाकी

मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला या पट्ट्यात पर्यटन वाढले तशी दुचाकी भाड्याने घेऊन फिरण्याची गोव्याची पद्धत इथेही आली. केंद्राच्या १९९७ च्या रेंट अ मोटर सायकल योजनेनुसार अशा व्यवसायाला परवाना लागतो. गाडी परिवहन वाहन म्हणून नोंदवावी लागते आणि तिच्या पाटीवर काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे असतात. अशी गाडी फिटनेसच्या फेऱ्यात येते, म्हणजे तिचा ब्रेक निदान ठरावीक मुदतीने तपासला जातो. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ओळखीवर भाड्याने दिली तर ती या तपासणीतून सुटते आणि अपघातात विमा नाकारला जाण्याचा धोका वाढतो. भाड्याची गाडी रोज वेगळ्या हातात असते. लिव्हर कालपेक्षा आज खोल जातो, ही रोजच्या चालवणाऱ्याला कळणारी गोष्ट पर्यटकाला कळण्याचा मार्ग नसतो. त्यामुळे तपासणीची सर्वाधिक गरज याच गाड्यांना आहे.

इतर देशांतल्या पद्धती

ब्रिटनमध्ये मोटारसायकल तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी चाचणी असते. तपासनीस ब्रेक होज घासलेली, पिळलेली, ताणलेली किंवा दाबाखाली फुगणारी आहे का हे डोळ्यांनी पाहतो. जर्मनीत दर दोन वर्षांनी तपासणी होते, आणि बाजारातल्या स्टीलच्या नळीसोबत त्या गाडीसाठी ती मान्य असल्याचा कागद मिळतो; कागद नसेल तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच धोक्यात येतो. फ्रान्सने बराच विरोध झाल्यावर एप्रिल २०२४ पासून दुचाकींची तपासणी सुरू केली. जपानमध्ये २५० सीसीवरील मोटारसायकलला तीन वर्षांनी पहिली आणि मग दर दोन वर्षांनी तपासणी आहे. २५० सीसी आणि त्याखालील गाड्यांना ती नाही. ही रेषा भारतात ओढली तर रस्त्यावरच्या बहुतेक दुचाकी तपासणीबाहेर राहतील.

यातली जर्मन पद्धत नळीच्या प्रश्नाला सर्वांत जवळची आहे. तिथे बदलाला बंदी नाही. भाग आणि गाडी यांची जोडी आधी तपासून मान्य केली जाते आणि पुरावा मालकाकडे राहतो. भारतात केंद्रीय स्तरावर अशी यादी आली तर चांगली नळी घेणाऱ्याला संरक्षण मिळेल आणि निनावी नळी ओळखणे निरीक्षकाला सोपे जाईल. दर दोन वर्षांची सक्तीची तपासणी मात्र कोट्यवधी दुचाकींच्या देशात पुरेशी केंद्रे उभी राहिल्याशिवाय कागदी शिक्क्यापुरती उरण्याची भीती आहे. दोडामार्ग किंवा वैभववाडीहून ओरोसला यायचे म्हणजे मजुरीचा एक दिवस जातो, हेही हिशेबात धरावे लागते.

मालक आणि मेकॅनिकची तपासणी

कायद्याने ही जबाबदारी मालकावर टाकल्याचे कलम १९० वरून दिसते. चालवणाऱ्याला माहीत असलेला, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा धोकादायक दोष असलेली गाडी चालवल्यास १,५०० रुपये दंड आहे; त्या दोषामुळे अपघातात कोणाला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड. नळीच्या बाबतीत ही साधी काळजी पाच मिनिटांची आहे.

गाडी मुख्य स्टँडवर घेऊन हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवावे आणि नळी कुठे ताणते, कुठे वायर किंवा टाकीला घासते ते पाहावे. मग पुढचा शॉकॲब्सॉर्बर दाबून तेच पुन्हा पाहावे. नळी वळणावर दोन बोटांत धरून हलकी वाकवली की रबरातल्या भेगा उघडतात. लिव्हर घट्ट दाबून धरावा आणि दुसऱ्याने नळीवरून बोट फिरवावे. कुठे फुगवटा लागला तर नळी त्याच दिवशी बदलायची. दाबून धरलेला लिव्हर सावकाश खाली सरकत असेल तर गळती आहे, बाहेर किंवा मास्टर सिलिंडरच्या आत. सोडल्यावरही चाक जड फिरत असेल तर कॅलिपरचा पिस्टन अडकलेला असू शकतो, किंवा जुन्या नळीचा आतला थर फुगून तेल परत येऊ देत नसेल. सांध्यावर ओलावा दिसला तर त्यावर कोरडा कागद लावून पाहावे. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग फुगून उठतो, त्यामुळे कॅलिपरजवळ पोपडे सुटलेला रंग हीदेखील गळतीची खूण आहे. मास्टर सिलिंडरच्या डबीतले तेल चहासारखे गडद झाले असेल तर ते बदलायच्या मुदतीपलीकडे गेलेले असते.

किनाऱ्यावरच्या गाडीसाठी ही पाहणी वर्षातून दोनदा पुरेशी आहे: पावसाळा सुरू होण्यापूर्वी आणि तो संपल्यावर. तेल दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळ्यानंतर, सीलबंद लहान डब्यातूनच भरावे. अर्धवट उघडा राहिलेला डबा कोकणातल्या हवेत लवकर निरुपयोगी होतो. नळी दर चार वर्षांनी बदलावी, मग ती रबराची असो वा स्टीलची, आणि वॉशर प्रत्येक वेळी नवे. बॅन्जो बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या मापाप्रमाणे आवळला तर आटे वाचतात. नळीच्या बिलावर उत्पादकाचे नाव आणि बसवल्याची तारीख लिहून घेतली की पुढच्या मुदतीची नोंद राहते, आणि विम्याच्या किंवा अपघाताच्या चौकशीत साधी काळजी घेतल्याचा पुरावाही.

केंद्रीय आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवर होती. यातले किती मृत्यू ब्रेकच्या बिघाडाने झाले हे वेगळे काढणे अवघड असते, कारण अपघातानंतर नळी आधी फुटली की धक्क्याने, हे तपासायला प्रशिक्षित निरीक्षक आणि वेळ दोन्ही लागतात. एबीएसच्या सक्तीने गाडीचा ब्रेक हुशार झाला आहे, पण तोही तेलाच्या दाबावरच चालतो. नव्या गाडीसाठी कडक मानके आणि पंधरा वर्षांच्या गाडीसाठी एक पाहणी, यांच्यामधली जागा भरण्यासाठी दोन गोष्टी लागतील: बाजारातल्या नळ्यांना गाडीनिहाय मान्यता, आणि चार वर्षांनंतर नळी पाहिल्याची गॅरेजची लेखी नोंद नूतनीकरणाच्या वेळी ग्राह्य धरण्याची सोय. पहिली गोष्ट केंद्राच्या हातातली आहे. दुसरीची सुरुवात कोणत्याही गॅरेजच्या बिलबुकापासून आजच करता येते.